केसाएवढ्या रेघांचं पुस्तक

गावच्या सणाच्या सकाळी पुस्तकांचे गठ्ठे सांडोरला पोचले. ऑस्कर सरांनी पहिलं पुस्तक उघडलं आणि ते ओट्यावर मटकन बसले. पानावर नुसत्या उभ्या काळ्या रेघा होत्या, दुधीच्या मांडवाला बांबू रोवावेत तशा.

टाइप निवडला होता सरांनीच, त्यामुळे बोंब मारायचीही सोय नव्हती. उभी रेघ जाड, आडवी केसाएवढी, शिरोरेषा तर असून नसल्यासारखी. गुळगुळीत मासिकांत असली अक्षरं पाहून ते भाळले होते. मांडणी करणाऱ्या कौस्तुभनं ती स्क्रीनवर दाखवली, तेव्हा आणखी नाजूक दिसावीत म्हणून सरांनी ती बारीक करून घेतली, वर पिवळट कागद मागितला. त्या कागदानं केसाएवढ्या रेघा गिळून टाकल्या. फोन केला तर कौस्तुभ म्हणाला, "सर, पीडीएफमध्ये एकदम क्लिअर आहे."

पुस्तक गावच्या इतिहासाचं. निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य सरांनी त्यात घातलं होतं. ज्याच्या पाण्यावर केळीच्या वाड्या जगल्या ते गावचं बावखल कुणाच्या पूर्वजानं खणलं, यावरून चार घरांत पिढ्यान्‌पिढ्या अबोला होता. ते सगळ्यांनी मिळून खणलं, हे सरांनी पुराव्यानिशी दाखवलं होतं. आज हे वाचून गाव शहाणं व्हायचं होतं.

"आता गाव काय वाचणार, माझं कपाळ?" सर बायकोला म्हणाले.

"कोट घाला," हिल्डाबाई म्हणाल्या. "मिस्सेला उशीर होतोय."

चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर हॉलमध्ये प्रकाशन झालं. पहिलं पान गावातल्या सगळ्यांत वयस्क माणसानं वाचायचं, ही तिथली रीत. मर्सीमावशी उठल्या. सरांनी डोळे मिटून घेतले. मावशींनी पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. दिसत नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी खणखणीत आवाजात वाचून टाकलं, की बावखल त्यांच्या आजोबांनी एकट्यानं खणलं.

त्या चार घरांतल्याच दुसऱ्या एका घरचा फ्लॉईड ताडकन उठला. पुस्तक त्यानं नाकाला लावलं. त्यालाही बांबूच दिसले, पण तसं कबूल करावं तर मावशींचं खरं ठरणार. मग त्याच पानावर त्याला त्याचे पणजोबा कुदळ घेऊन सापडले. उरलेल्या दोन्ही घरांनीही आपापले पूर्वज शोधून काढले. त्यात असं काहीच नाही, हे सर कळवळून सांगत होते.

"सर, तुम्ही लिहिलंत ना? मग वाचू द्या आम्हाला," मावशींनी त्यांना गप्प केलं. संध्याकाळपर्यंत एकही प्रत उरली नाही. हातोहात खपलेल्या पुस्तकाचा लेखक रात्री न जेवता झोपला.

आठवड्यानं मर्सीमावशी आणि फ्लॉईड एकमेकांकडे न बघता एकदमच सरांच्या दारात आले. पाहुण्यांना द्यायला प्रती हव्या होत्या, दुसरी आवृत्ती काढा म्हणाले. सरांच्या जिवात जीव आला.

"काढतो की. यावेळी चांगल्या ठसठशीत टाइपात काढतो."

दोघांचे चेहरे उतरले.

"नको सर," फ्लॉईड घाईनं म्हणाला. "ह्याच टाइपात सगळं बरोबर आलंय."

मावशींनी मान डोलावली. त्या दोन घरांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.