सासऱ्यांचा बाप्तिस्मा

"गर्दीसमोर मी ओला होणार नाही," चहाची बशी खाली ठेवत आण्णा त्रिभुवन म्हणाले. "तू, मी आणि कुंदा. बास."

पास्टर दिनानाथ उजागरेने बायकोकडे पाहिलं. कुंदाने नुसती मान हलवली. वडील एवढं म्हणाले हेच तिला पुष्कळ होतं. दिनानाथने आनंदनगरच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडली आणि बुवापाड्यात भाड्याच्या खोलीत उपासना सुरू केली, तेव्हापासून आण्णा जावयाशी फक्त हवापाण्याचं बोलत. ते जुन्या चर्चचे. तान्हेपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी त्यांना जन्मभर पुरलं होतं. मोठ्या माणसाने नदीत बुडी मारून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा, हे जावयाचं म्हणणं त्यांना पोरकट वाटे. पण यंदा पावसाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि दिनानाथ रोज दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून शास्त्र वाचू लागला. आधी आण्णा झोपेचं सोंग घेत. मग एक दिवस डोळे न उघडताच म्हणाले, "तो उतारा परत वाच."

तर जानेवारीतल्या एका सकाळी तिघं सोनिवलीच्या पुढे नदीवर पोचले. काठावर चिटपाखरू नव्हतं. कुंदा टॉवेल, घोंगडी आणि चहाचा थर्मास सांभाळत दगडावर बसली. पांढरा पायजमा-सदरा घातलेले आण्णा कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि थांबले.

"दिनानाथ, पाणी फार गार आहे."

"क्षणाचं काम आहे, आण्णा."

"मग रविवारी बघू. रविवारी ऊन बरं असतं."

दिनानाथने त्यांच्या पाठीला हात लावला, प्रार्थना म्हटली आणि त्यांना मागे झुकवलं. पण तो पडला काटकुळा, आणि आण्णा काडेपेटीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले तरी अंगाने फोरमनच राहिले होते. गार पाणी मानेला लागताच त्यांनी दोन्ही हातांनी जावयाच्या गळ्याला मिठी मारली. सगळं अंग बुडालं, डोकं तेवढं वर राहिलं. आणि डोकं कोरडं राहिलं तर बाप्तिस्मा झाला नाही, हे दिनानाथचं ठाम मत.

"आण्णा, पुन्हा घ्यावं लागेल."

"नको, नको. सोड मला."

काठावर कुंदा तोंडात पदर कोंबून हसत होती.

वळणापलीकडे वाडीवरची तानी धुणं धूत होती. आवाज ऐकून ती उठली. तिला दिसलं ते एवढंच, की एक तरणा माणूस म्हाताऱ्याला पाण्यात दाबतोय, म्हातारा नको नको म्हणतोय आणि एक बाई बघून हसतेय.

"देऊ, धाव रं. म्हाताऱ्याला बुडवतान."

पलीकडे गवत कापणाऱ्या तिच्या दिराने, देऊने, विळा टाकून पाण्यात उडी घेतली. एका हाताने आण्णांची बखोट, दुसऱ्याने दिनानाथची कॉलर धरून त्याने दोघांना ओढत काठावर आणलं. त्या ओढाताणीत आण्णांच्या तोंडातून काहीतरी निसटून नदीत पडलं. ते आण्णांखेरीज कोणालाच कळलं नाही.

वरात सोनिवलीत पोलीस पाटलांच्या अंगणात गेली. पाटील सुपात वाल निवडत बसले होते. बघता बघता अर्धं गाव जमलं.

"हे कोण तुमचे?" पाटलांनी दिनानाथला विचारलं.

"सासरे."

गर्दीत 'हां' अशी समजूतदार कुजबुज फिरली.

"पटतं का तुमचं?"

थोडं इकडचं तिकडे सांगून सुटता आलं असतं. पण रविवारी ज्या तोंडाने उपदेश करायचा, त्या तोंडाने दिनानाथला ते जमेना.

"हल्ली पटतं. आधी नव्हतं पटत."

"पाण्यात दाबत होता?"

"होतो."

"ते नको म्हणत होते?"

"म्हणत होते."

"तरी पुन्हा?"

"डोकं वर राहिलं होतं."

पाटलांचा सुपातला हात थांबला. त्यांनी कुंदाकडे मान वळवली. "बाई, तुम्ही कोण?"

"यांची मुलगी."

"आणि हसत होता?"

"हसू आलं," कुंदा खालमानेने म्हणाली.

"बदलापूरला पोलिसांना कळवावं लागेल," पाटील म्हणाले.

दिनानाथ घाईने पुढे झाला. बुवापाड्यातला घरमालक आधीच भजनांच्या आवाजावर खार खाऊन होता. पास्टर सासऱ्याला बुडवताना सापडला, एवढं त्याच्या कानावर गेलं की खोलीला कुलूप, आणि मंडळी चार दिशांना.

"अहो, आम्ही ख्रिस्ती आहोत. तो बाप्तिस्मा होता. आण्णा, तुम्ही सांगा ना."

सगळ्यांनी आण्णांकडे पाहिलं. घोंगडी पांघरलेले आण्णा ओठ घट्ट मिटून समोरच्या शेवग्याकडे बघत राहिले.

"बघा," तानी म्हणाली. "भ्यायलाय म्हातारा. वाचा गेली त्याची."

"आण्णा, बोला काहीतरी," कुंदा रडवेली झाली. "यांना घेऊन जातील."

आण्णांनी तिला जवळ ओढलं आणि घोंगडीच्या आडून पुटपुटले, "खवली."

"काय?"

"खवली. नदीश पडली."

कुंदाच्या डोक्यात प्रकाश पडला. बापाला कवळीशिवाय तिनेसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. इथे तर गाव जमलेलं. तिने देऊला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. देऊ धावत नदीवर गेला आणि बऱ्याच वेळाने कुडकुडत परतला. कवळी त्याने सदऱ्याला पुसून आण्णांच्या हातात दिली. आण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. वळले तेव्हा फोरमन झालेले होते.

"मला कोणी मारत नव्हतं," ते पाटलांना म्हणाले. "बुडव असं मीच सांगितलं होतं. यानं नोकरी सोडली तेव्हा मी याला मूर्ख म्हटलं. अजून थोडा वाटतो. पण मी दवाखान्यात पडलो तेव्हा माझे दोन्ही मुलगे कामात होते. हा रोज आला. माझं काम अर्धवट राहिलंय, ते मला याच्याच हातून पुरं करायचंय."

दिनानाथने चष्मा काढला आणि ओल्या सदऱ्याने पुसू लागला. तो जास्तच ओला झाला.

पाटलांनी सूप बाजूला ठेवलं. "करा पुरं. पण माझ्यासमोर."

सगळं गाव पुन्हा नदीवर आलं. पाटील दगडावर बसले. जवळ कोणी असावं म्हणून देऊ पाण्यात उभा राहिला. आण्णांनी कवळी रुमालात बांधून कुंदाकडे दिली, स्वतःच नाक धरलं आणि जावयाच्या हातावर रेलून सबंध पाण्याखाली गेले. वर आले तेव्हा डोक्यावरून पाणी निथळत होतं. काठावर कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या.

दिनानाथला एवढा आनंद झाला की तो मागे न बघता दोन पावलं मागे सरला. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि पास्टर दिसेनासा झाला. देऊ हलायच्या आत आण्णांनी हात घालून जावयाला केसांना धरून वर काढलं. दिनानाथ ठसकत राहिला आणि आण्णा त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिले.

तानीने धुण्याचा पिळा खांद्यावर टाकला.

"आता फिटाफिट झाली," ती म्हणाली आणि वाडीकडे चालू लागली.