उतारगुरू

श्यामराव निखाडे रोज संध्याकाळी चहा झाला, की सोफ्याच्या हातावर बसून घाट उतरत. समोर टीव्हीवर कुठल्या तरी परदेशी डोंगराची चित्रफीत लावलेली असे आणि हँडल म्हणून दोन्ही हातांत लाटणं आडवं धरलेलं असे. डावं वळण आलं की श्यामराव कमरेतून डावीकडे झुकत, उजवं आलं की उजवीकडे, आणि सोफा दोन्हीकडे कुरकुरे.

"लाटणं द्या न, पोळ्या राहिल्या," स्वयंपाकघरातून सुशीलाबाई ओरडत.

"थांब जराशी! वळणात हाओ मी!"

आता छत्तीसगडातलं रायपूर हे गाव तव्यासारखं सपाट. इथे दुधाची किटली कलंडली तर कोणत्या बाजूला वाहावं या विचारात दूध तिथल्या तिथे उभं राहील. अशा गावात, पाटबंधारे खात्यातल्या छप्पन्न वर्षांच्या हेडक्लार्कला सायकलवरून डोंगर उतरण्याचं वेड लागावं, याचं लोकांना नवल वाटे. पण त्यामागे श्यामरावांचा हिशेब पक्का होता. शंकर नगरच्या पहाट सायकल मंडळात सगळी पंचविशी-तिशीतली पोरं. सपाट रस्त्यावर ती श्यामरावांना मागे टाकत, आणि चढावर तर दिसेनाशीच होत. उरला घाटाचा उतार. तो मंडळात कोणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्या विषयात श्यामरावांना खोटं पाडणारं कोणी नव्हतं. सहा महिन्यांत ते मंडळाचे 'उतारगुरू' झाले.

गुरूंचे वर्ग दर रविवारी सकाळी रेल्वेच्या ओव्हरब्रिजवर भरत, कारण गावातला सगळ्यात मोठा डोंगर तोच. श्यामराव पुलाच्या माथ्यावर कठड्याला टेकून उभे राहत आणि हात वर करून सांगत, "ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही! दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, एकदम करकचून नाही! हात खालच्या हँडलला, कोपरं सैल! बाहेरच्या बाजूचा पाय खाली! आणि नजर जिथं जायचं आहे तिथं. खड्ड्याकडं पाहाल तर खड्ड्यातच जाल!"

ऐकणाऱ्याला हे सगळं करून दाखवायला कोणीतरी लागे. गुरूंना स्वतः उतरणं शक्य नव्हतं; ते खाली गेले तर वरून बघणार कोण? म्हणून पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या राधिकाची, म्हणजे मुलीची, सायकल त्यांनी सुशीलाबाईंच्या हाती दिली. आधी बाई नको नको म्हणाल्या. पण घरात बसून सोफ्याची कुरकुर ऐकण्यापेक्षा पूल बरा, असं ठरवून त्या येऊ लागल्या. नवा विद्यार्थी आला की श्यामराव म्हणत, "सुशीला, दाखव याले," आणि सुशीलाबाई लाल हेल्मेट घालून खाली जात, वळून वर येत, पुन्हा खाली जात. असे विद्यार्थी पुष्कळ आले, आणि बाई सगळ्यांच्या 'दीदी' झाल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मंडळाचा उत्साही सेक्रेटरी अभिनव याच्या डोक्यात केशकालचा घाट शिरला.

"सर, पुल बहुत हो गया," तो म्हणाला. "अगले इतवार केशकाल! पिकअप से ऊपर जाएँगे, और बारह के बारह मोड़ उतरेंगे. लीड आप करेंगे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्यामरावांनी मान डोलावली. नाही कसं म्हणणार? सहा महिने कमावलेली गुरुपदाची गादी त्या घाटात एक तर पक्की होणार होती, नाही तर पोरांच्या देखत कायमची जाणार होती.

घरी आल्यावर सुशीलाबाईंनी हळूच विचारलं, "तुमी कधी उतरले काय हो तो घाट?"

"लय वेळा."

"सायकलनं?"

"बसनं," श्यामराव म्हणाले आणि टीव्ही लावला.

एवढ्यावर भागलं असतं. पण श्यामरावांनी ही बातमी पानठेल्यावर सांगितली, आणि ती शेजारच्या भीमाबाईंपर्यंत पोचली. केशकालच्या घाटात, निम्म्या वाटेवर, देवीचं ठाणं आहे. घाटातून जाणारा प्रत्येक ट्रकवाला तिथे थांबून हात जोडतो, नारळ फोडतो. भीमाबाई शनिवारी संध्याकाळी नारळ घेऊन हजर झाल्या.

"माह्या नातवाच्या नावानं फोडजा भाऊ. पण पिकअपमदी नोका ठेवू. नारळ घाट उतरणाऱ्याच्या अंगावरच पायजे, तवा मान्य होते."

"काहून नाई!" श्यामराव म्हणाले. "दहा नारळ असले तरी उतरून दाखवतो." हे वाक्य गल्लीतल्या आणखी दोन घरांनी ऐकलं. सायकलवाल्यांच्या सदऱ्याला पाठीमागे तीन खिसे असतात. श्यामरावांचे तिन्ही भरले.

रविवारी अंधारातच पिकअप निघाली. अभनपूर मागे पडलं, धमतरी मागे पडलं, आणि कांकेरच्या पुढे समोर डोंगर दिसू लागले तसा श्यामरावांनी हेल्मेटचा पट्टा गाडीतच आवळून घेतला. गाडी घाट चढू लागली. बसमधून हा घाट पाहताना ते नेहमी झोपलेले असत, त्यामुळे त्यातली वळणं इतकी आवळलेली आहेत हे त्यांना आज प्रथमच कळत होतं.

माथ्यावर सायकली उतरवल्या. श्यामरावांनी तीन नारळ पाठीला बांधल्यागत खिशांत भरले आणि शेवटची सूचना दिली. आवाज पुलावरचाच होता.

"दोन सायकलींत अंतर ठेवायचं. आणि काहीही झालं तरी वळणात थांबायचं नाही! कोणी घसरलं, तर तो ठीक आहे ना एवढं पाहायचं आणि पुढं जायचं. देवळापाशी भेटायचं. समजलं?"

"समझ गए सर!"

श्यामराव निघाले. त्यांच्या मागे सुशीलाबाई, त्यांच्या मागे अभिनव आणि बाकीचे. पहिल्या वळणाच्या आधी श्यामरावांनी ब्रेक मारला, नियमाप्रमाणे. वळणात मारला, नियमाविरुद्ध. वळण संपल्यावरही सोडला नाही. बोटं ब्रेकला जी चिकटली ती चिकटलीच. कोपरं काठीसारखी ताठ झाली. मागे सगळं मंडळ अंतर राखून मुंगीच्या पावलानं येत होतं. रस्त्याकडेचं एक वासरू काही वेळ त्यांच्या बरोबरीनं चाललं आणि मग कंटाळून पुढे निघून गेलं.

"अहो, ब्रेक सोडा जराशे!" मागून सुशीलाबाई म्हणाल्या.

"मी वेग दाखवून राहिलो पोरायले! सुरक्षित वेग!"

तिसऱ्या वळणावर रस्त्याला बारीकसा उंचवटा होता. सायकलला हिसका बसला आणि मधल्या खिशातला भीमाबाईंचा नारळ बाहेर पडला. पडला तो टणटणत श्यामरावांच्या बाजूनं पुढे गेला. नारळाला ब्रेक नव्हता, त्यामुळे तो फार सुंदर उतरत होता. श्यामरावांची नजर त्याच्यावर गेली, आणि जिथं नजर तिथं सायकल, हा त्यांचाच सिद्धांत लगेच सिद्ध झाला. नारळ डावीकडे वळला, सायकल डावीकडे वळली. नारळ रस्ता सोडून कडेच्या वाळूच्या ढिगात घुसला. पाठोपाठ श्यामराव घुसले.

लागलं काही नाही. ढीग मऊ होता आणि वेग, खरं सांगायचं तर, नव्हताच. पण श्यामराव कमरेपर्यंत वाळूत बसले होते आणि त्यांचं चाक आकाशाकडे तोंड करून फिरत होतं.

"लागलं काय?" सुशीलाबाईंनी जाता जाता विचारलं.

"नाई! पण थांब न!"

"वळणात थांबाचं नाई म्हणे!" असं म्हणत त्या गेल्यासुद्धा. मागून अभिनव आला. "सर, ठीक हैं?" श्यामरावांनी मान हलवली, तसा त्यानं नमस्कार ठोकला आणि पुढे गेला. सगळे शिष्य असेच एकेक करून, अंतर राखून, विचारपूस करत गेले. इतकं आज्ञाधारक मंडळ श्यामरावांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी त्यांना पाहायचंही नव्हतं.

अंगावरची वाळू झटकत ते कठड्याशी आले. आता सगळं संपलं, असं त्यांना वाटत होतं. पोरं देवळापाशी हसत असतील. त्यांनी खाली पाहिलं, आणि पाहतच राहिले.

घाटाची खालची वळणं तिथून स्वच्छ दिसत होती. सगळ्यात पुढे लाल हेल्मेट होतं. वळण जवळ आलं तसं ते आधीच थोडं मंदावलं, बाहेरच्या कडेनं आत शिरलं, बाहेरचा पाय खाली गेला, मान पुढच्या रस्त्याकडे वळली, आणि सायकल अलगद वळणातून बाहेर पडून सुसाट निघाली. मागची पोरं त्याच रेघेवरून जात होती. मधूनच खालून आवाज येत होता, "ब्रेक आधी! नजर पुढं! कोपरं ढिली ठेवा रे पोट्टेहो!"

सुशीलाबाईंचं एकेक वळण श्यामराव कठड्यावरून वाकून बघत राहिले. इतका अभिमान त्यांना हेडक्लार्क झाले त्या दिवशीही वाटला नव्हता.

चढावर धापा टाकत येणारा एक ट्रक त्यांच्याजवळ मंदावला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "का होगे कका, गिर गेस का?"

"अरे वो छोड़ो भैया, नीचे देखो! लाल हेल्मेट! मेरी मिसेस है!"

ड्रायव्हरनं पाहिलं. "बने चलाथे गा!" तो म्हणाला. छान चालवते, एवढं श्यामरावांना पुरेसं होतं. त्यांनी नारळ गोळा केले आणि सायकल ढकलत देवळाची वाट धरली.

देवळापाशी मंडळ ओळीनं उभं होतं. कोणीच हसत नव्हतं. अभिनव तर पुढे येऊन पायाच पडला.

"सर, दीदी ने सब बताया. आप जानबूझकर रुके, ताकि पीछे से सबकी लाइन देख सकें. गुरु हो तो ऐसा! चिल्फी घाट में भी लीड आप ही करेंगे."

पुन्हा टाळ्या पडल्या. श्यामरावांनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. त्या नळावर तोंड धूत होत्या, आपला काही संबंध नाही अशा थाटात. गादी वाचली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' श्यामरावांच्या ओठांवर आलंही. पण मघाशी कठड्यावरून पाहिलेलं ते लाल हेल्मेट डोळ्यांसमोरून हलेना. आपण मुद्दाम थांबलो म्हटलं, तर ती नुसती आपल्या बदली पुढे गेली असं ठरलं असतं.

"खोटं बोलून राहिली ते," श्यामराव म्हणाले. "मी थांबलो-बिंबलो नाई. भेऊन गेलो, ब्रेक सोडलेच नाई, अन् नारळामागं वाळूत गेलो. आज घाट उतरला तो हिनं."

 मग चेतना नावाची मंडळातली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "पर अंकल, फिर दीदी को इतना अच्छा सिखाया किसने?"

 सुशीलाबाईंनी पदरासारखा गळ्यातला टॉवेल तोंडावरून फिरवला.

"ह्यायनंच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाले येते एवढं?"

आणि या खेपेला त्या खोटं बोलत नव्हत्या.

नारळ फुटले, प्रसाद वाटून झाला, आणि मंडळ उरलेला घाट उतरायला निघालं. पुढे सुशीलाबाई, त्यांच्या मागे श्यामराव. उतारावर सायकलवाल्यानं हँडलवर वाकून बसायचं असतं, हे श्यामरावांनीच शंभरदा सांगितलं होतं. पण आज त्यांची छाती इतकी फुगली होती, की ते वऱ्हाडातल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते.

"वाका जराशे!" मागे वळून न बघताच सुशीलाबाई ओरडल्या.

श्यामराव ताबडतोब वाकले.