रज्जाकचाचांचा वीतभर पंखा

आमच्या शेजारचे रज्जाकचाचा वारा खायला बसले की सगळ्या बोळाला कळतं. पंखा वीतभर, ट्रकच्या केबिनमध्ये असतो तसला. पण तो फिरवायला अंगणात म्हशीएवढं जुनं इंजिन धडधडत असतं. इंजिनावरून पट्टा डायनामोला, डायनामोची वायर पंख्याला. भर सोलापुरात, सात रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस, घरात इन्व्हर्टर असताना, हा खटाटोप करतो. आता बोला.

इंजिन त्यांच्या वैरागच्या पिठाच्या गिरणीतलं. चाची गेल्या, गिरण बंद पडली, तेव्हा मुलगा म्हणाला, अब्बा, सोलापूरला चला. चाचा म्हणाले, बडी बी येणार असेल तर येतो. बडी बी म्हणजे हे इंजिन. टेम्पोतून आधी ती उतरली, मग चाचा. सूनबाईचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं.

उन्हाळ्यात लाईट गेली की चाचांच्या अंगात यायचं. चाकाला हँडल लावून फिरवायचे, "उठो बडी बी, उठो" म्हणत मिनतवाऱ्या करायचे. ती धूर ओकत उठायची. मग दारावरून जो जाईल त्याला खुर्चीत बसवून पंखा तोंडासमोर धरायचे आणि विचारायचे, "हवा लागतीय की न्हाय?" लागतीय म्हणावंच लागे. खरं सांगते, इंजिनाच्या धगीनं आधी दरदरून घाम फुटायचा, आणि मग तो पंखा जेमतेम एका कानाचा वाळवायचा.

त्यात कहर म्हणजे धुराच्या नळकांड्यावर त्यांनी पत्र्याचा डबा पालथा घातला होता. त्यानं नुसती धडधड नाही, टुक्-टुक्-टुक् असा आवाज पार चौकापर्यंत जाई. बोळाची टाळकी फिरली. समोरच्या वहिनी तर रोज पदर खोचून भांडायला यायच्या. शेवटी सगळ्यांनी मला पुढं केलं, कारण माझं तोंड चालतं.

मी जाऊन चांगलं बजावलं. चाचा सगळ्याला व्हय म्हणाले. लोकांच्या झोपेच्या वेळी लावायचं नाही, व्हय. धूर रस्त्याकडं सोडायचा, व्हय. डबा काढा म्हटल्यावर मात्र खाली मान घालून पट्टा पुसत बसले.

"डबा ऱ्हाऊ दे की, बेटी," शेवटी म्हणाले. "डबा काढला तर इंजान लागलंय हे कळंल कुनाला?"

आणि मला एकदम माहेर आठवलं. आमच्या गावच्या गिरणीच्या नळकांड्यावर अस्साच डबा होता. टुक्-टुक् ऐकू आलं की आई हातातलं काम टाकून म्हणायची, गिरण लागली, दळण घेऊन पळ. सगळं गाव तिथं गोळा व्हायचं. नंबर येईस्तोवर सुखदुःखाच्या गोष्टी निघायच्या, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत गिरणीवाला प्रत्येकीची चौकशी करायचा. तो आवाज म्हणजे बोलावणं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मुलगा दिवसभर दुकानात, सून शाळेत शिकवायला, आणि चाचा अंगणात एकटे. दळायला दाणे नाहीत, उगाच इंजिन लावलं तर लोक वेडा म्हणतील, म्हणून त्याला पंखा जोडला होता. आम्ही भांडायला जायचो, तरी आमच्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली असायची.

बोळात येऊन मी सांगितलं, डबा राहणार. दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

मग थंडी पडली. लाईट जाईना, उकडेना. पंख्याला निमित्तच उरलं नाही. बडी बीवर पोतं टाकून चाचा कानटोपी घालून उन्हाला बसून असत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारणंही त्यांनी सोडलं. मला ते बघवेना. एका सकाळी शाल गुंडाळून गेले, खुर्चीत बसले आणि पदरानं वारा घेत म्हटलं, "चाचा, लई उकडतंय."

चाचांनी माझ्या शालीकडं पाहिलं. पोतं काढलं, डबा नीट बसलाय का ते आधी बघितलं आणि हँडल हातात घेतलं. टुक्-टुक् ऐकून समोरच्या वहिनी तरातरा आल्या, त्या भांडायलाच. मला शालीत वारा खाताना बघून दारातच थांबल्या. चाचांनी त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची पुसली. त्या बसल्या. चाचांनी पंखा आम्हा दोघींच्या मधोमध धरला. गारठ्यानं दात वाजत होते, तरी चाचांनी विचारायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, "लागतीय, चाचा. हवा लागतीय."