मदर गेली

भुजंगराव रागावले की माणसाला 'आपण' म्हणतात. खुशीत असले की 'ये रे, बस रे' चालतं. पण तोंडातून 'आपण' बाहेर पडलं, की समोरच्यानं गुपचूप चपला शोधाव्यात. दूधवाल्याला ते एकदा म्हणाले होते, "आपण दुधात पाणी घालता की पाण्यात दूध, एवढंच कळावं." तो दूधवाला पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही.

गणिताचे मास्तर म्हणून रिटायर झालेले हे गृहस्थ परभणीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि माझ्या रक्तदाबाचं सगळं श्रेय त्यांचंच. स्वतःच्या नावाबद्दल तर भलतेच हळवे. कुणी नुसतं 'भुजंग सर' म्हटलं, की लगेच, "मागचा राव आपण वाटेत सांडलात वाटतं?"

बायको वारल्यावर पुण्याच्या मुलानं ऑफिसातला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला. त्यावर वडलांनी बुद्धिबळ खेळावं, मन रमवावं. अख्ख्या गल्लीत तो पहिलाच. भुजंगराव रोज दुपारी त्याच्याशी खेळत, हरत, आणि मला भिंतीतून ऐकू येई, "आपण बेइमान आहात! हा घोडा आपण कुठून पैदा केलात?" मी बँकेत. आमच्याकडे नुकतंच एक यंत्र आलं होतं आणि त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. पण भुजंगरावांच्या लेखी मी तज्ज्ञ. कर्सर हलला नाही की भिंतीवर थाप. मी जेवत असलो तरी थाप.

खरं तर हे बुद्धिबळ ते तुकाराम साळव्यांशी खेळायचे. दोघं पोखर्णीचे, एका वर्गातले, पुढे एकाच शाळेत मास्तर. ज्या काळी साळव्यांच्या वस्तीतल्या पोराला गावात पाणीसुद्धा वरून ओतत, त्या काळी भुजंगरावांच्या मायनं दोघांना एका ताटात जेवू घातलं होतं. पुढे नामांतराचा वाद पेटला. डाव चालू असताना भुजंगराव म्हणाले, "विद्यापीठाच्या नावात काय ठेवलंय?" साळवे म्हणाले, "काईच ठेवलेलं न्हाई, तर मग तुझ्या पोटात कामून दुखायलंय?" भुजंगरावांनी त्यांना 'आपण' म्हटलं. साळव्यांनी पट उलटा केला आणि निघून गेले.

मला विचाराल तर चूक भुजंगरावांचीच. स्वतःच्या 'राव'साठी जगाशी भांडणाऱ्या माणसानं नावात काय ठेवलंय म्हणावं? मी तोंडावर सांगितलं तर मलाही 'आपण'. तेव्हापासून भाजीबाजारात दोघं समोरासमोर आले की दोघंही वांगी निरखत बसायचे.

तर भर मे महिन्यात तो कॉम्प्युटर डाव चालू असतानाच 'फट्' करून बंद पडला. पडदा काळा. भुजंगराव आधी वीजवाल्यांना 'आपण' म्हणाले, मग मुलाला, मग मला. "आपण बँकेत काय नुसते शिक्के मारता?" पण मग ओरडणंच थांबलं. खानावळीतून येणारा डबा न उघडताच परत जाऊ लागला. भिंतीपलीकडून एक शब्द येईना. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी तळमळलो ती मिळाली, आणि मला दुपारची झोप लागेना. याचाही मला संतापच आला.

शेवटी नांदेडहून मेकॅनिक बोलावला. त्यानं खोका उघडला. आत गंज, हिरवट थर, आणि वाळ्याचा घमघमाट.

"सर, ह्याच्यावर पानी कुणी मारलं?"

कुणी मारणार? कॉम्प्युटरला गारवा लागतो असं मुलानं सांगितलेलं. म्हणून भुजंगरावांनी आपल्या खाटेजवळचा कूलर ओढून थेट त्याच्या पाठीशी लावला होता. परभणीच्या त्या भट्टीत स्वतः घामानं निथळत बसायचे आणि यंत्राला ओला वारा. लाडानंच मारलं त्याला.

"मदरबोर्ड गेला," मेकॅनिक म्हणाला. "आता काई होत न्हाई."

मुलाला कळवायचं काम अर्थात माझ्याकडे. एसटीडी बूथवर रांग, लाइनीत नुसती खरखर. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मदर गेली! अहो, मदर! भुजंगरावांच्या घरची!" 'बोर्ड' म्हणेपर्यंत लाइन कटली. रांगेतल्या दोघांनी टोप्या काढल्या. मला वाटलं, उकडत असेल.

परत येऊन मी कूलर खाटेकडे ओढत होतो, तेवढ्यात अंगणात सायकल धाडकन आडवी पडली. दारात साळवे. घामाघूम, डोळे लाल.

"माय कवा गेली?"

भुजंगराव उठून उभे राहिले. "मायला काय झालंय? परवाच भेटून आलो."

"बाजारात समदे म्हणायलेत, भुजंगरावाची मदर गेली."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदरबोर्ड म्हणजे काय ते सांगू लागलो. ते ऐकता ऐकता साळव्यांचा रडवेला चेहरा तांबडालाल झाला.

"भर उन्हात सायकल हाणत आलो मी! आपल्या यंत्राच्या मायसाठी? कमाल करता आपण!"

'आपण' कसं लागतं ते भुजंगरावांना त्या दिवशी कळलं असावं. साळवे वळले.

"थांब," भुजंगराव म्हणाले. "माय हाय. पर नजर गेली तिची. मानसं वळखू येत न्हाईत. मी गेलो की हात चाचपती आन म्हणती, 'तुक्या, आलास का रं?'"

साळवे दारातच थांबले. "मग? तू काय म्हणतोस?"

"ओ देतो."

मग साळवे आत आले आणि खाटेच्या कडेला टेकले. "नावात काय ठेवलंय, म्हणला व्हतास."

"चुकलं माझं," भुजंगराव म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकले नव्हते. "मायजवळ आता तेवढं तुझं नावच ऱ्हायलंय. माझंबी गेलं."

साळव्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, की डोळे, ते मी पाहिलं नाही.

"सकाळच्या गाडीनं पोखर्णीला जाऊ," ते म्हणाले. "ओ मी देतो."

"चल," भुजंगराव म्हणाले.