हमीदभाईंच्या शहाण्णव खिडक्या

आमच्या ऑफिसातले हमीदभाई कॉम्प्युटरवर इमारतीला खिडकी बसवली की आधी तिच्यातून बाहेर बघतात. अक्षरशः बघतात. मॉडेलमधल्या खोलीत शिरायचं, पलंगापाशी थांबायचं, स्क्रीनसमोर मान वाकडी करायची, बघायचं, "हां" म्हणायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. शंभर खिडक्या असल्या तर शंभर वेळा "हां". मी शेजारच्याच खुर्चीवर बसते. माझ्या डोक्याचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा.

रत्नागिरीत आमचं आर्किटेक्टचं छोटंसं ऑफिस आहे. सर, मी आणि हमीदभाई. हमीदभाई हर्ण्याचे, साठीला टेकलेले. आखातात वीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. मला 'बाय' म्हणतात, सरांना 'साहेब' म्हणतात आणि दोघांचंही ऐकत नाहीत. कुणी घाई केली की ठरलेलं उत्तर: "इमारत काय पळून जाते काय?" कॉपी करायचा मोह नको म्हणून त्यांनी कीबोर्डवरची 'सी'ची कळ उपटून काढली आहे. फाइलच्या नावात 'सी' आला की तिथे 'के' घालतात. मग ती फाइल शोधायला अख्खं ऑफिस कामाला लागतं.

तर अशा माणसाशेजारी बसून मी एक टूल तयार केलं. एका खोलीत दार, खिडकी, पंखा, बेसिन लावायचं आणि बटण दाबायचं. तेच सगळं बाकीच्या खोल्यांत आपोआप बसतं. पंधरा दिवस डोळे फोडले होते मी त्याच्यावर. तेव्हा आमच्याकडे हातखंब्याजवळच्या नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलचं काम होतं. शहाण्णव खोल्या. माझ्या टूलने चाळीस सेकंदांत भरल्या. सर खूश होऊन केबिनबाहेर आले. हमीदभाईंनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाले, "चांगला केलास. मला नको."

त्यांनी आपली वेगळी फाइल उघडली आणि पहिल्या खोलीपासून हाताने सुरुवात केली. मला इतका राग आला म्हणून सांगू. सरांनाही आला. सोमवारी नकाशे द्यायचे होते. सरांनी स्पष्टच सांगितलं, की सोमवारपर्यंत टूल वापरून काम संपवा, नाहीतर मंगळवारपासून येऊ नका. हमीदभाई "बरा" म्हणाले आणि सतराव्या खिडकीकडे वळले.

शनिवारी सकाळी ते तळमजल्याच्या मागच्या रांगेत पोचले आणि थांबले. "हां" आलंच नाही. मला म्हणाले, ह्या खिडकीतून नुसती कोरी जमीन दिसते, खरा काय आहे ते बघू, स्कूटर काढ, साइटवर जाऊ. मी कुरकुरत निघाले.

साइटवर पोचून आम्ही मागे गेलो. मागच्या बाजूला डोंगर कापलेला. इमारतीच्या मागच्या भिंतीपासून दहा फुटांवर जांभ्याचा उभा कडा, तळमजल्याच्या स्लॅबइतका उंच. मॉडेलमध्ये जमीन सपाट ठेवली होती, आणि ती मीच ठेवली होती. माझ्या टूलने त्या रांगेतल्या बारा खोल्यांच्या खिडक्या कड्यासमोर अगदी शिस्तीत लावल्या होत्या. तरी मी वाद घातलाच. म्हटलं, नियमात बसतं, आणि मुली काय दिवसभर खोलीत बसणार आहेत?

हमीदभाई एका चिऱ्यावर बसले.

"तिकडे आखातात मी सगळ्यात फास्ट होतो, बाय," ते म्हणाले. "कामगारांची वसाहत होती. एक खोली काढली, दोनशे वेळा चिकटवली. संध्याकाळच्या आत काम खलास. मॅनेजरने पाठ थोपटलीन. एक रांग पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर उघडत होती, ती मी बघितलीच नाय. पुढे माझा धाकटा भाऊ सलीम तिकडे नोकरीला आला. त्याला त्याच रांगेत खोली मिळाली. मी दुसऱ्या शहरात. एकदा फोनवर विचारलान, भाई, बाहेर उजाडला काय?"

"मग?"

"मी म्हटला, उजाडला."

खोली कुणी काढली होती, ते त्यांनी सलीमला कधी सांगितलं नव्हतं. सलीम परत येऊन आता हर्ण्यात होडीवर जातो, सुट्टीला हमीदभाई गावी गेले की दोघे एका घरात राहतात, एका ताटात मासे खातात. तरी नाही. मी स्कूटर चालू केली. त्यांना घेऊन परत आले आणि आम्ही दोघांनी मिळून माझ्या फाइलमधली ती रांग उलटी केली. व्हरांडा कड्याकडे, खिडक्या पुढच्या चौकाकडे. हाताने, एकेक.

सोमवारी सरांनी फाइल बघितली आणि भडकले. बारा खोल्या वेगळ्या, म्हणजे नळ वेगळे, वायरिंग वेगळं, कॉलेजवाल्यांना परत समजवा. टूल चालवून सगळं पहिल्यासारखं करा, म्हणाले. हमीदभाईंनी हाताची घडी घातली. "नाय करणार, साहेब. उद्यापासून येत नाय." सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू चालव."

मी म्हटलं, "टूल माझं आहे, सर. ह्या बारा खोल्यांवर ते चालणार नाही. आणि हमीदभाई नसतील तर उद्यापासून मीही नाही."

सरांनी दार आपटलं, तासाभराने बाहेर आले आणि कॉलेजकडून चार दिवस मागून घेतल्याचं सांगितलं. बारा खोल्या राहिल्या. आम्हीही राहिलो.

दुपारी हमीदभाई फोन घेऊन जिन्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा रडून डोळे लाल झाले होते.

"सलीमला सांगितला," म्हणाले.

"काय म्हणाला?"

"त्याला पयल्या दिवसापासून ठाऊक होता. आग लागली तर बाहेर कसा पडायचा, त्याचा नकाशा तिकडे दारामागे लावतात. खाली कोपऱ्यात काढणाऱ्याचा नाव. माझा."

एवढी वर्षं तो काही बोलला कसा नाही, चिडला कसा नाही, असं मी विचारलं. हमीदभाईंनी खुर्ची ओढली, बसले.

"मी पण तेच विचारला. म्हणतो, चिडू कशाला? खोलीत घरच्या माणसाचा नाव होता. त्याच्याकडे बघून सहा वर्षं काढली."