जगन्नाथरावांच्या अंगावरचे निळे डाग

गुडघा फारच ठणकायला लागला तेव्हा जगन्नाथरावांनी गोळी घ्यायची ठरवली, आणि घरात कुणाला सांगायचं नाही हेही ठरवलं. डॉक्टरकडे गेलं की गोळीआधी चार तपासण्या लिहून देतात, असा त्यांना वहीम होता. (जमीन मोजणीच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढल्यावर त्यांचा स्वतःच्या सहीवरही भरवसा उरला नव्हता.) मस्तगड भागातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी गोळ्यांचं पाकीट आणलं आणि बंडीच्या आतल्या खिशात दडवलं. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज चालूच होती. त्यात ही भर.

आठव्या दिवशी दंडावर निळा डाग दिसला. दहाव्या दिवशी मांडीवर दोन. दात घासताना रक्त आलं.

रावांनी तपास सुरू केला. स्वयंपाक कोण करतं? सून निवेदिता. गोळ्यांची डबी कोण भरतं? तीच! झालं.

"आधी तू खा," बायकोकडे ताट सरकवत ते म्हणाले.

"मला एकादशी हाय," ताराबाई म्हणाल्या.

"आजच बराबर कशी आली?"

"मंग काय मी आणली व्हय?"

ताराबाईही कटात सामील आहेत, अशी नोंद रावांनी मनात केली आणि तीन दिवस केळी-बिस्किटांवर काढले.

चौथ्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि ते घेरी येऊन दारातच बसले. निवेदितानंच रिक्षा आणली, त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

"आजोबा, दुसरी कुठली गोळी घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई."

नर्सनं बंडी उतरवली. पाकीट टपकन खाली पडलं.

"रक्त पातळ करायच्या गोळीवर ही दुखण्याची गोळी? ह्या वयात पोटात रक्तस्राव होऊन जीव जातो!" डॉक्टर ओरडलेच.

दोन बाटल्या रक्त चढल्यावर रावांना हुशारी आली. उशाशी निवेदिता बसली होती.

"सूनबाई," ते शरमून म्हणाले, "माझं चुकलं. मी तुझ्यावर शक घेतल्ता. तोंडानं बोललो न्हाई, फक्त देवापुढं हळूच सांगत व्हतो."

"माहीत आहे, बाबा," निवेदिता म्हणाली. "तुम्हाला ऐकू कमी येतं ना. पहिल्याच दिवशी सगळ्या गल्लीनं ऐकलं."