नॉकडाराच्या चेअरलिफ्टची सुधारणा

कोणतीही वस्तू विनातक्रार चालत असेल, तर तिच्यात सुधारणा करण्यास विलंब लावू नये. विलंब लावल्यास ती तशीच चालत राहण्याचा धोका असतो.

हा धोका नॉकडारा स्की क्लबाने जवळजवळ पन्नास वर्षे पत्करला होता. डब्लिनच्या दक्षिणेला एका टेकडीवर हा क्लब. आयर्लंडात पाऊस हवा तेवढा, बर्फाच्या नावाने मात्र ठणठण गोपाळ. म्हणून उतारावर दात घासायच्या ब्रशासारखी प्लॅस्टिकची चटई अंथरलेली आणि तिच्यावरून लोक पैसे देऊन घसरायचे. वर जायला चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला टांगलेल्या, दोघांपुरत्या बाकड्यांची रांग. आल्प्समधल्या कुठल्याशा गावाने ती भंगारात काढली, तेव्हा क्लबाने उचलून आणली. पुढे मोटार बदलली ती एका डेअरीतली, आणि फळ्या बदलल्या त्या बंद पडलेल्या पबच्या बाकांच्या. एवढ्या काळातली अपघातांची आकडेवारी : एक मेंढी (तीही स्वतःच्या चुकीने).

अशा गलथान कारभारात २०२० च्या उन्हाळ्यात उपेंद्र शिरला, हे क्लबाचे भाग्यच म्हणायचे. उपेंद्र मूळचा पुण्याचा, राहायला डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला, नोकरीला इंजेक्शनच्या सुया बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे त्याचे काम व्हॅलिडेशनचे. म्हणजे यंत्र चालते आहे हे सगळ्यांना दिसत असताना, ते चालते असे कागदावर सिद्ध करायचे. यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

खरे तर तो तिथे गेला मुक्तासाठी. त्याची ही नऊ वर्षांची मुलगी लॉकडाउनभर फ्लॅटच्या खिडकीत बसून होती. पोरीने सायकल मागितली नाही, कुत्रा मागितला नाही. बाबाच्या शेजारी बसून त्या बाकड्यावरून एकदा वर जायचे, एवढेच मागितले. उपेंद्रने शब्द दिला, तेव्हा तिचा चेहरा असा फुलला की त्यालाच भरून आले.

क्लबाचे अध्यक्ष डर्मट दारातच भेटले. "या साथीत काय करावं, काही कळत नाही बघा. पण होईल सगळं ग्रँड. बसा तुम्ही दोघं," असे म्हणून (आयर्लंडात 'ग्रँड' म्हणजे नुसते 'ठीक आहे, चालेल') त्यांनी स्वतः बाकडे धरून ठेवले.

उपेंद्रने बाकड्याकडे पाहिले आणि विचारले, "याचं रिस्क असेसमेंट कुठाय?"

झालं! त्याच दिवशी तो क्लबाचा सुधारणाप्रमुख झाला (बिनपगारी, त्यामुळे अधिकार अमर्याद). मुक्ता वर न जाताच घरी आली.

यथावकाश नियम जारी झाले. दोन माणसांत दोन मीटर अंतर आवश्यक, बाकडे जेमतेम सव्वा मीटरचे. सबब एका बाकड्यावर एकच व्यक्ती. लहान मुलाने एकट्याने टांगून घेणे धोक्याचे. सबब दहा वर्षांखालील मुलासोबत, त्याच बाकड्यावर, मोठे माणूस सक्तीचे. दोन्ही नियम उपेंद्रनेच लिहिले आणि दोन्ही बिनतोड होते.

"अरे, पण एका घरातली माणसं चालतात ना?" त्याची बायको शुभदा म्हणाली. "झोपते तुझ्या कुशीत, आणि बाकड्यावर दोन मीटर?"

"नियम करणाऱ्याच्याच मुलीला सवलत? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? तिथे डर्मट आहेत आणि मेंढ्या आहेत!" शुभदाने कपाळावर हात मारून घेतला.

पुढे निर्बंध पुन्हा कडक झाले, क्लब बंद पडला आणि सुधारणांना खरा वेग आला. बाकड्यांपुढे पडदे आले. पडदे वाऱ्याने फडफडतात म्हणून कड्या, कड्यांना दहा जणांचे हात लागतात म्हणून सॅनिटायझर, सॅनिटायझरने पबच्या फळ्यांचा रंग उडतो म्हणून मऊ गाद्यांच्या नव्या कोऱ्या खुर्च्या. गाद्या पावसात भिजतात म्हणून शेवटी जाड पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरे, चेनसकट. त्या हिवाळ्यातले अपघात शून्य. बसलेली माणसेही शून्य, पण अहवालात तो रकाना नव्हता.

जून २०२१ मध्ये क्लब उघडला. मुक्ता एव्हाना दहाची झाली होती, म्हणजे आता एकटी बसायला पात्र. बाबा मागच्या खुर्चीत बसणार, असे ठरले होते. खुर्च्या उन्हात नुसत्या झळाळत होत्या. डर्मट म्हणाले, "पहिला मान मुक्ताचा." तिने पुढे होऊन चेनला हात घातला.

"अगं अगं, कव्हर काढू नकोस!" उपेंद्र ओरडला. "नवीन आहे, खराब होईल. उद्घाटनाला पाहुणे येतील ना, तेव्हा बसू."

मुक्ताने हात मागे घेतला. "इट्स ग्रँड, बाबा," ती म्हणाली, आणि चटईच्या कडेकडेने पायीच टेकडी चढू लागली. वर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिले नाही. आपण काय घालवून बसलो, ते उपेंद्रला लख्ख कळले. मग त्याने अर्धवट उघडलेली चेन नीट लावून टाकली.

या गृहस्थाला हसण्यास वाचकांना पूर्ण मोकळीक आहे. तत्पूर्वी उठून, आपल्या टीव्हीचा रिमोट कोणत्या पिशवीत आहे ते पाहून यावे. आणि शोकेसमधल्या त्या चांगल्या कपांतून घरातले माणूस शेवटचा चहा कधी प्यायले, हे आठवले, तर खुशाल हसत राहावे.